मटणाच्या दुकानातली वजडी टॉवेलसारखी का दिसते? त्या लवेवरच अख्खी म्हैस जगते

रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही मटणाच्या दुकानापुढे थांबा. बहुतेक गिऱ्हाइकांना मांडी नाहीतर चाप हवी असते. पण रांगेत एखादा दर्दी असतोच, जो वजडी मागतो. दुकानदार आतून काळपट, ओला, जाडसर असा एक तुकडा काढून तराजूत टाकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा मांसाचा तुकडा नाहीच, मोरीतला जुना टॉवेल आहे. घरी नेल्यावर तो गरम पाण्यात आणि चुन्यात घोळवून सुरीने खरवडावा लागतो. काळा थर निघून पांढरीशुभ्र वजडी वर यायला चांगला तास जातो.

खरवडून फेकला जातो तो काळा थर म्हणजे बोकडाच्या पोटाचं आतलं अस्तर. आणि टॉवेलसारखी जी लव दिसते, तिच्यातला एकेक धागा हा एक छोटा अंकुर असतो. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण, काळवीट, निलगाय अशा सगळ्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात हे अंकुर असतात. जनावराला लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून बराच जास्त वाटा याच अंकुरांमधून रक्तात जातो. म्हणजे कडब्याचं दूध होतं, त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा नाका हाच.

पण ही लव जन्मापासून तयार नसते आणि कायम सारखीही राहत नाही. जनावर काय खातं त्याप्रमाणे ती वाढते आणि आखडते. तिला वाढायला आठवडे लागतात, माणूस मात्र जनावराचा चारा एका दिवसात बदलतो. मराठवाड्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल का आजारी पडतात, नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध अचानक का आटतं, याचं उत्तर बऱ्याचदा या आठवड्यांच्या आणि दिवसांच्या हिशोबात असतं.

एका पोटाचे चार कप्पे

गाईला चार पोटं असतात हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. खरं तर पोट एकच, कप्पे चार. आणि चारही कप्प्यांचं अस्तर इतकं वेगळं असतं की डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी कुठला कप्पा ते सांगता येईल.

पहिलं कोटीपोट, म्हणजे रुमेन. हाच टॉवेल. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्यानेच व्यापलेली असते. दुसरं जाळीपोट. त्याच्या आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असते. तिसऱ्या कप्प्यात, ओमेझममध्ये, पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक रचलेले असतात. तिथे चाऱ्यातलं पाणी बरंचसं शोषून घेतलं जातं. आणि चौथं खरं पोट. ते आतून बुळबुळीत, गुलाबीसर आणि घड्या पडलेलं असतं. आपलं पोट आतून दिसतं तसंच.

‘खरं पोट’ हे नाव उगाच पडलेलं नाही. सिद्धार्थ उद्यानातल्या वाघाचं पोट घ्या किंवा ते बघायला आलेल्या माणसाचं. दोन्हींच्या अस्तरात लाखो बारीक ग्रंथी असतात. त्यांतून आम्ल आणि पाचक रस पाझरतात, मांस विरघळतं, आणि हे आम्ल पोटालाच खाऊ नये म्हणून वर चिकट पदार्थाचा लेप असतो. गाईच्या चौथ्या कप्प्याचं कामही असंच चालतं. पहिल्या तीन कप्प्यांमध्ये मात्र यातलं काहीच नसतं. ना ग्रंथी, ना आम्लाचा रस, ना चिकट लेप. तिथलं अस्तर आपल्या कातडीच्या जातीचं असतं, एकावर एक थर असलेलं आणि वरून राठ. चुन्याने खरवडावं लागतं ते त्यामुळेच.

मग आम्ल नाही, रस नाही, तर कडबा पचतो कसा?

तो गाय पचवतच नाही. ज्वारीच्या कडब्यात मुख्यतः सेल्युलोज असतं आणि ते तोडणारा रस गाय, शेळी, माणूस, वाघ यांच्यापैकी कुणाच्याच शरीराला तयार करता येत नाही. हे काम जिवाणू करतात. कोटीपोटातल्या एक चमचा पाण्यात पृथ्वीवरच्या एकूण माणसांपेक्षा जास्त जिवाणू असतात. इडलीचं पीठ आंबवायला ठेवतो तसा हा चारा आत आंबत असतो. उबदार, ओला, हवा नसलेला डेरा आणि तो सतत घुसळणारे पोटाचे स्नायू. जिवाणू कडबा खातात आणि त्यांच्या दृष्टीने टाकाऊ असे पदार्थ बाहेर सोडतात. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू असतात, जे जनावर ढेकर देऊन बाहेर टाकतं. बाकी असतात ती तीन साधी आम्लं. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक आम्ल, दुसरं प्रोपिऑनिक, आणि तिसरं ब्युटिरिक, ज्याच्यामुळे खवट तुपाला तो वास येतो.

जिवाणूंचा हा कचरा म्हणजेच म्हशीचं जेवण. ॲसिटिक आम्लापासून दुधातली स्निग्धता तयार होते. डेअरीवर फॅट लागतं ते यातून. प्रोपिऑनिक आम्लाची यकृतात साखर होते. पण त्यासाठी ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जायला हवीत, आणि तीही तयार होतील तितक्याच वेगाने. नाहीतर डेऱ्यात आम्ल साचत जाणार. सपाट भिंत या कामाला पुरत नाही. पाणी टिपायला गुळगुळीत कापडापेक्षा लवेचा टॉवेल बरा पडतो, कारण लवेमुळे तेवढ्याच जागेत कित्येक पट पृष्ठभाग मिळतो. हे अंकुर जिभेच्या आकाराचे, काही मिलिमीटरपासून सेंटीमीटरभर लांबीचे असतात. प्रत्येकाच्या आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कोटीपोटाच्या वरच्या भागात, जिथे वायू साठतो, तिथे गाईच्या पोटात अंकुर विरळ किंवा जवळजवळ नसतातच. जिथे शोषायला काही नाही, तिथे लव कशाला?

मंगळसूत्र नेमकं कुठे अडकतं?

दुसऱ्या कप्प्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती सोशल मीडियावर दर एक-दोन वर्षांनी फिरत असते. २०२३ साली वाशिम जिल्ह्यातल्या सारसी गावात एका म्हशीने चाऱ्याच्या ताटात ठेवलेलं सोन्याचं मंगळसूत्र गिळलं. डॉक्टरांनी मेटल डिटेक्टर लावून जागा शोधली आणि शस्त्रक्रिया करून ते बाहेर काढलं. त्याआधी २०१९ च्या पोळ्याला अहमदनगर जिल्ह्यात एका बैलाने असाच पराक्रम केला होता. ओवाळणीच्या ताटातली पुरणपोळी खाताना त्याने वरचं मंगळसूत्रही पोटात घातलं. घरच्यांनी बरेच दिवस शेण तपासलं. काही सापडलं नाही.

ते सापडणं कठीणच होतं. गाई-म्हशी चारा चावून खात नाहीत, आधी गिळतात आणि नंतर निवांत बसून रवंथ करतात. त्यामुळे जिभेला सोनं, तार, खिळा यातला फरक कळायच्या आत घास खाली गेलेला असतो. जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा जोरात आकसतं. त्यात हलका, लांब चारा मागे कोटीपोटात ढकलला जातो, बारीक झालेला चारा पुढच्या कप्प्याकडे सरकतो, आणि जड वस्तू तळाशी जाऊन त्या षटकोनी जाळीत बसतात. म्हणजे अस्तराचीच चाळणी झालेली असते. सोनं तिथे वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतं.

सोन्याची बातमी होते. तारेची होत नाही, आणि जनावर मरतं ते तारेने. जाळीपोटाच्या पुढे लगेच पडदा असतो आणि पडद्यापलीकडे हृदय. जाळीत अडकलेली बारीक तार आकुंचनाच्या दाबाने भिंत भेदून हळूहळू पुढे सरकते आणि कधीकधी थेट हृदयाच्या आवरणात घुसते. पत्र्याचे तुकडे, शेताच्या कुंपणाची तार, चाऱ्याच्या पेंढ्या बांधलेली तार हे सगळं गव्हाणीत येऊ शकतं. म्हणून मोठ्या गोठ्यांमध्ये जनावराला एक गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. तो जाळीपोटात जाऊन बसतो आणि आलेल्या तारा धरून ठेवतो.

शहरातल्या जनावरांची अडचण प्लॅस्टिकची. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी कचरा टाकायला विरोध केला आणि शहरात पुढे कित्येक महिने कचऱ्याचे ढीग रस्त्यांवर साचले, हे संभाजीनगरकर विसरलेले नाहीत. कॅरीबॅग तारेसारखी टोचत नाही. पण ती जिवाणूंना खाता येत नाही आणि जाळीतून पुढेही जात नाही. पुढे जायचं तर वस्तू काही मिलिमीटरइतकी बारीक व्हावी लागते. पिशव्या कोटीपोटातच एकमेकींत गुंतून त्यांचा गोळा होतो. जागा अडते, आणि जनावर पोट भरलेलं असूनही उपाशी राहतं.

वासराच्या पोटात टॉवेल नसतो

आता परत लवेकडे. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं कोटीपोट लहान, ढिलं आणि आतून जवळपास गुळगुळीत असतं. सगळ्यात मोठा कप्पा चौथा. वासरू आचळाला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हाळी मिटते आणि दूध पहिले कप्पे टाळून सरळ खऱ्या पोटात उतरतं. म्हणजे या वयात वासराचं पचन आपल्यासारखंच चालतं.

मग लव येते कशाने? काही टोचणारं, खरखरीत पोटात गेलं की भिंतीला चालना मिळत असेल, असं कुणालाही वाटेल. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. वासरांच्या कोटीपोटात स्पंजचे तुकडे ठेवले. पोट आकाराने वाढलं, लव आली नाही. मग जिवाणू तयार करतात त्या आम्लांचे क्षार पोटात सोडले, तेव्हा अंकुर उगवले. सगळ्यात जास्त परिणाम ब्युटिरिक आम्लाचा दिसला. भिंतीतल्या पेशी हे आम्ल रक्तात पाठवण्याआधी त्यातला बराचसा वाटा स्वतःच जाळतात. थोडक्यात, पोटात जे काम येतं ते करण्यासाठी लागणारी जागा भिंत स्वतःच वाढवते.

यातून निघालेला व्यवहार गोठ्यात फारसा पोचलेला नाही. वासराला लवकर गवताला लावलं की पोट मोठं होतं, ढेरी दिसते, मालकाला बरं वाटतं. पण सहा आठवड्यांच्या वासरांची तुलना केली तर नुसतं दूध मिळालेल्याच्या आणि दूध-गवत मिळालेल्याच्या कोटीपोटात लव खुरटी असते, आणि दुधासोबत थोडा दाण्याचा खुराक मिळालेल्याच्या पोटात ती दाट, लांब आणि गडद असते. कारण दाण्यातल्या स्टार्चपासून ब्युटिरिक आम्ल जास्त मिळतं. काफ स्टार्टर नावाने बाजारात जे पोतं मिळतं त्याचं हेच काम. गवत पोटाचे स्नायू घडवतं, दाणा लव घडवतो. वासराला दोन्ही लागतं.

पुरणपोळी आणि बैल

मोठ्या जनावरातही लव स्थिर नसते. भाकड काळात म्हैस नुसत्या कडब्यावर असली की आम्लं कमी तयार होतात आणि अंकुर आखडतात. गाईंवरच्या अभ्यासात शोषणाचा पृष्ठभाग काही आठवड्यांत निम्म्यापर्यंत घटलेला आढळला आहे. तो परत वाढवायचा तर साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जंगलातल्या हरणांमध्येही ऋतूप्रमाणे लव कमी-जास्त होते. तिथे अडचण येत नाही, कारण ऋतू हळूहळू बदलतो.

गोठ्यातले ऋतू तसे बदलत नाहीत. श्रावण अमावास्येचा पोळा घ्या. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, मिरवणूक, आणि मग घरोघरी ओवाळून पुरणपोळीचा घास. वर्षभर राबलेल्या बैलाला एक दिवस गोड खाऊ घालायचं यात माया आहे, त्याबद्दल वादच नाही. पण एका घरची एक पोळी नसते. दहा घरचे दहा घास होतात, कुणी पुरणाचा गोळाच देतं, कुणी उरलेली कणीक. गहू, गूळ, हरभऱ्याची डाळ. न चावता गिळलेलं.

आत काय होतं? कोटीपोटातले कडबा खाणारे जिवाणू सावकाश काम करतात. साखर आणि स्टार्च खाणारे झपाट्याने. त्यांची संख्या काही तासांत वाढते आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात, जे आधीच्या तिन्ही आम्लांपेक्षा बरंच तीव्र असतं. कडबा चघळताना जनावराच्या तोंडात लाळ सुटते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत खायच्या सोड्यासारखे क्षार असतात, जे आम्ल मारतात. पुरणपोळी चघळावी लागत नाही, त्यामुळे लाळही येत नाही. एरवी सहा-सातच्या दरम्यान असलेला सामू पाचच्या आसपास उतरतो. कडबा खाणारे जिवाणू मरतात. ज्या भिंतीला चिकट लेपच नाही ती आम्लात बुडते, अंकुर सुजतात, गळतात. आतलं पाणी इतकं दाट होतं की ते शरीरातलं पाणी ओढून घेतं. जनावर आतल्या आत कोरडं पडतं.

बाहेरून दिसतं ते असं: रवंथ थांबतं, डाव्या कुशीत फुगवटा येतो, शेण पातळ आणि आंबूस होतं, चाल अडखळते, मग जनावर बसतं ते उठत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत ते दगावू शकतं. पशुवैद्यक याला ॲसिडोसिस किंवा आम्लधर्मी अपचन म्हणतात. सौम्य असेल तर खायचा सोडा आणि सलाइनवर भागतं. गंभीर असेल तर डाव्या कुशीतून कोटीपोट उघडून रिकामं करावं लागतं. त्यानंतरचा एक उपाय मोठा मजेशीर आहे: निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी काढून आजारी जनावराला पाजतात. विरजण संपलं की शेजारून आणतो तसं.

पोळ्याची चर्चा होते कारण तो एका दिवशी सगळ्या गावात असतो. पण हीच गोष्ट वर्षभर घडत असते. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात मका निघाला की दावं सोडून ढिगाला लागलेली गाय, खळ्यावरच्या ज्वारीत तोंड घातलेली शेळी, लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात आणि बुंदी गोठ्यात ओतणारे सोयरे. आणि सगळ्यात नुकसानीचं, पण सहसा कुणाच्या लक्षात न येणारं प्रकरण म्हणजे व्यालेली म्हैस. ती भाकड असताना तिला वाळल्या कडब्यावर ठेवलेलं असतं, म्हणजे लव आखडलेली. व्याली रे व्याली की दूध वाढावं म्हणून बाजरी, गूळ, सरकीची ढेप, भरडा असा सगळा खुराक एकदम सुरू. आम्लं भरपूर तयार होतात, शोषणारा टॉवेल अर्धाच. म्हैस मरत नाही, पण चारा सोडते, दूध चढत नाही, डेअरीवर फॅट लागत नाही, काही दिवसांनी खूर दुखायला लागतात. मालक ढेपेचा ब्रँड बदलतो.

उपाय खर्चाचा नाही, कॅलेंडरचा आहे. व्यायच्या तीन आठवडे आधीपासून मूठमूठ खुराक सुरू करून तो वाढवत नेला तर लव तयार असते. चारा बदलायचा असेल तर नवा चारा आधी पाव हिस्सा, मग निम्मा, असं करत दहा-पंधरा दिवसांत बदलावा. मुरघासालाही हाच नियम, कारण तो आधीच आंबलेला असतो. दाण्याआधी वाळली वैरण द्यावी, म्हणजे लाळ सुटलेली असते. पोळ्याला बैलाला घास द्यायचाच, तर तो एकाच घरचा असावा.

दुष्काळात मात्र हे शहाणपण चालवणं अवघड होतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात मराठवाडा मोठ्या प्रमाणात होता. पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या. छावणीत जे येईल ते जनावर खातं. कधी उसाचं वाढं, कधी अख्खा ऊस, कधी हिरवा मका. हळूहळू बदल करण्याइतका चाराच हातात नसतो. मग जूनमध्ये पाऊस पडतो, छावणी उठते, आणि महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेलं जनावर लुसलुशीत गवतावर तुटून पडतं. पोट भरतं, पण पोटातली लव अजून उन्हाळ्यातलीच असते.

आम्लाने भाजलेली भिंत भरून येते. पण खोल जखम झाली असेल तर त्या जागी पूर्वीसारखी लव येत नाही. कातडी भाजल्यावर राहतो तसा चांदणीच्या आकाराचा, गुळगुळीत व्रण तिथे राहतो. त्यातून आत शिरलेले जिवाणू रक्तासोबत यकृतात जातात आणि तिथे गळू करतात. दुकानात वजडी उलटी केल्यावर टॉवेलच्या मधेच एखादा लव नसलेला पांढुरका चट्टा दिसला, तर त्या जनावराने कधीतरी धान्याच्या ढिगात तोंड घातलं असण्याची आणि त्यातून ते वाचलं असण्याची शक्यता असते.